पहिलं शील

आमच्या तुर्भ्याच्या बुद्धविहारात कोणताही कार्यक्रम पंचशीलाशिवाय सुरू होत नाही. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. माझ्या धाकट्या भावाचा, आकाशचा, सत्कार होता. समितीच्या जयप्रकाशकाकांनी हौसेने माईक त्याच्याच हातात दिला. तिथेच घोळ झाला.

आकाश जंगलात बंडखोरांशी लढणाऱ्या तुकडीत आहे, सुट्टीवर आला होता. बाहेर त्याचा भलामोठा बॅनर लागलेला. आधीचं त्रिसरण, बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याचं, त्याने खणखणीत म्हटलं. मग जीवहत्या न करण्याचं पहिलं शील आलं आणि तो गप्पच झाला. लोकांना वाटलं, पोराचा गळा दाटून आला. त्याचा चेहरा बघून मला तसं वाटेना. काकांनी माईक घेऊन पुढचं सांगितलं. नंतर अशा टाळ्या वाजल्या की मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली.

घरी आल्यावर मी दार लावलं. "खरं सांग, काय झालं?"

"ताई, त्या लोकांनी पाड्यावरच्या मास्तरला पोरांसमोर मारलेला. शाळा बंद करत नाय म्हनून. आमी त्यांच्या मागावर गेलो. एका झोपडीतनं गोळी आली, आमी पन झाडल्या. बंदूकवाला मागनं पळालेला. आत एक बाई होती. चुलीवर भात शिजत होता."

"मग सोड ती नोकरी."

"मी सोडली तर दुसरा जाईल. कुनीच नाय गेलं तर पुढचा मास्तर मरेल. बोल, काय करू?"

मी स्वतः शाळेत शिकवते. तो मास्तर माझ्याच धंद्यातला. त्याच्यासाठी रडू, त्या बाईसाठी, की समोर बसलेल्या भावासाठी?

सुट्टी संपली. निघताना आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. आमच्याकडे लांब जाणारा माणूस पंचशील म्हणूनच उंबरा ओलांडतो. आकाशने हात जोडले आणि थेट दुसऱ्या शीलापासून सुरुवात केली.

"पयलं ऱ्हायलं, बाबा," आई म्हणाली.

"नाय म्हनत, आई. चौथं खोटं न बोलायचं हाय. पयलं म्हनलो तर चौथं मोडतंय."

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती समजली. तिने त्याच्या खांद्यावरच्या सॅकला हात घातला. आता ती काढून घेणार, असं मला वाटलं. तिने पट्टा सरळ केला. मग त्याच्या वाटचं पहिलं शील स्वतःच म्हटलं.

"जा आता," म्हणाली.

मला दोघांचाही भयंकर राग आला. अडवलं मात्र मीही नाही.