गल्लीकडची खिडकी

"बुटिक हॉटेल म्हंजे ब्लाऊज शिवत्यात तसलं काय गं?" मनुबाईनं विचारलं.

रचना हसली. "न्हवं गं आई. लहानसंच, पण लई हौसेनं सजवलेलं हॉटेल. दोन निवडून ठेवल्यात. तू सांगशील ते बुक करूया."

रचना बेंगळुरूला नोकरी करायची; सुट्टीला घरी आली होती. आई-आप्पांना दोन दिवस पणजीला न्यायचं तिनं ठरवलं होतं. आप्पांचा, म्हणजे भावकूचा, जन्म वडगावात यंत्रमागावर साड्या विणण्यात गेला; मनुबाईचा सुताच्या कांड्या भरण्यात. परगावी गेले तरी दोघं नातलगांकडेच उतरायचे.

रचनानं फोन आईच्या हातात दिला. एक हॉटेल म्हणजे कौलारू जुनं घर होतं, पिवळ्या भिंतींचं, लाकडी जिन्याचं. दुसरं नवंकोरं, पांढरंशुभ्र, गच्चीवर पोहायचा तलाव असलेलं.

मनुबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. "ही निळी भिंत झ्याक हाय."

दोन्हींत निळी भिंत नव्हती. रचनानं आप्पांकडे पाहिलं.

"आई, निळी कुठली?"

मनुबाईनं फोन चाचपत खाटेवर ठेवला.

तिनं निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले होते, तिला उंबऱ्याची ठेच लागू लागली होती. वय झालं, असं म्हणून भावकूनं ते सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. काचबिंदू होता, फार पुढं गेलेला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेर बाकावर बसल्यावर भावकूनं विचारलं, "बोलली का न्हाईस?"

"बोलून काय व्हणार हुतं? अंधारतंय हळूहळू, म्हटलं अंधारू दे."

"आन् निळं?"

"अंदाजानं म्हटलं. चांगल्या हाटेलात निळं असंल, असं वाटलं."

रचना तोंड फिरवून उभी होती. ती वळून म्हणाली, "आई, आता नको जायला."

"का? मी काय मेले काय?"

"मग ते दुसरं घेऊया. लिफ्ट हाय, पायऱ्या न्हाईत."

"पयल्याची खिडकी कुठं उघडती?"

"गल्लीत."

"मग त्येच घे. गच्चीवरचं तळं मला काय करायचंय? गल्लीत माणसं तरी बोलत असतील."

पणजीला पोचले तेव्हा दुपार कलत होती. भावकूनं तिचा हात धरून तिला लाकडी जिना चढवला. रचना चहा सांगायला खाली गेली. मनुबाई भिंतीला हात लावत खोलीभर फिरली आणि खिडकीशी जाऊन बसली.

"सांगा की, काय दिसतंय?"

भावकूला बोलायची सवय नव्हती. मागांच्या खडखडाटात माणसं हातानं, मानेनं बोलतात. घरीही त्याचं तसंच चाले. त्यानं सवयीनं बोट दाखवलं, मग खाली घेतलं.

"समोर बाई चादर वाळत घालतीया," तो म्हणाला.

"कसली?"

"पांढरी. लाल काठाची." तो अडखळला. "शेजारी मांजर झोपलंय. सायकलवरनं पाववाला आला."

"मग?"

भोंगा वाजवत पाववाला वळणाआड गेला. बाई आत गेली, दार लागलं. मांजरही उठून गेलं. गल्लीत कोणी उरलं नाही.

"दोन पोरी चालल्यात," भावकू म्हणाला. "एकीच्या केसात अबोली हाय. हसत्यात दोघी."

हसणं नव्हतं, पावलांचा आवाजही नव्हता. मनुबाईला ते कळत होतं. तिनं खिडकीच्या चौकटीवर हनुवटी टेकली.

"मग?" तिनं विचारलं.