खुर्चीमागचा फुगा

माई बहिणीकडे राहून परतल्या आणि बैठकीच्या दारातच थबकल्या. चारही भिंतींना नवा वॉलपेपर लागला होता. फिकट हिरवा, बारीक पानांचा. वाईट नव्हता. पण माईंची नजर पानांवर ठरलीच नाही, ती थेट खिडकीजवळच्या खुर्चीमागे गेली.

तिथे भिंतीवर एक डाग होता. माईंचे यजमान त्या खुर्चीत बसून, डोकं मागे टेकून रेडिओ ऐकत. केसांना तेल चोपडायची सवय. टेकून टेकून बशीएवढं तेलकट वर्तुळ उमटलं होतं. ते होते तोवर माई त्या डागावरून रोज कटकट करायच्या. ते गेल्यावर मात्र त्याला कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा एकदा "तो घाण डाग तेवढा घासून टाकू" म्हणाला, तेव्हा आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. कागद लावायचं ठरलं तेव्हाही सुनेला बजावलं होतं, "वरून झाक हवं तर. पण घासायचा नाही."

"नाही घासला, आई," सून म्हणाली. "आत आहे तसाच आहे."

"हो का," माई म्हणाल्या.

पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ही बाई भांड्याचं बूडही आरशासारखं लख्ख करणारी. ती तेलाचा डाग सोडेल? मोरीत धुण्याच्या सोड्याची पिशवी अर्धी रिकामी दिसली. खुर्ची भिंतीला अशी रेटलेली की मागे बोट जाईना, वर तिथे उशी कोंबलेली. संध्याकाळी सून फोनवर दबक्या आवाजात म्हणत होती, "उद्याच या ना. त्यांच्या लक्षात यायच्या आत झालं तर बरं."

दुसऱ्या दिवशी सून अंघोळीला गेल्याबरोबर माईंनी खुर्ची ओढली. नेमका तिथेच कागद टम्म फुगला होता. दाबला की बसे, हात काढला की पुन्हा वर. घासघासून भिंतीचा पोपडा काढला असणार, दुसरं काय.

कागद लावणारा आला.

"आई, तुम्ही आत जरा पडा ना," सून म्हणाली.

"पडायचं वय आहेच माझं. आज बसते," म्हणत माईंनी समोर स्टूल घेतलं.

त्याने आधी कोपऱ्यातला सुटलेला जोड उचलला, आत ब्रशने खळ भरली, वरून रूळ फिरवून ओल्या फडक्याने पुसलं. दारामागचा एक फुगा सुईने टोचून पिचकारीने आत खळ सोडली. तो गुमान बसला. मग खुर्चीमागचा. टोचला, भरला, दाबला. हात काढताच फुगा वर.

"हा नाही ऐकायचा," तो म्हणाला.

"भिंत खरवडली ना तिथे?" माईंनी विचारलं. बघत होत्या सुनेकडे.

"खरवडली असती तर बसला असता, आजी. बाकी सगळी भिंत सोड्याने धुतली. एवढं वर्तुळ ताईंनी धुऊ दिलं नाही. तेलावर खळ धरत नाही, हे मी दोनदा सांगितलं. फुगला तर फुगू दे म्हणाल्या. काम होईपर्यंत डागापुढे पहारा देत होत्या."

माई सुनेला म्हणाल्या, "अगं, मग लपवायचं कशाला?"

"आल्या आल्या तुम्ही तिथेच बघितलंत, आई. फुगा दिसला असता तर विश्वास ठेवला असता?"

नसता ठेवला. माईंनी पदर सारखा केला.

"कापतो, आतून धुतो, परत चिकटवतो," तो म्हणाला. "कळणारही नाही. नाहीतर तेल हळूहळू कागदातून वर येईल, डाग दिसायला लागेल."

"येईल? नक्की?"

"येणारच."

"मग राहू दे," माई म्हणाल्या. "अगं, ती उशी काढ. खुर्ची पुढे घे थोडी, कशाला दाबतेस त्याला? आणि याला चहा दे."

सून चहाला वळली तशा माई मोरीत गेल्या. उरलेला सोडा उचलला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुनेवर विश्वास बसला होता. पण संध्याकाळी मुलगा घरी यायचा होता.