मलिकाची दोन अंडी

मलिका गेली ती दोन अंडी मागे ठेवून. ठिपक्याठिपक्यांची, लठ्ठ शेपटीची पाळीव पाल. नऊ वर्षांची झाली होती. उतारवयात अंडी अडली, ती कशीबशी घातली आणि सकाळी मलिका मातीतच गार होऊन पडली होती. झेबोने अंडी जशी होती तशी अलगद उचलून ओलसर भुशात ठेवली, दोन्हींच्या माथ्यावर पेन्सिलीने एकेक टिंब काढलं आणि डबा उबवणीच्या पेटीत सरकवला. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. पालीसाठी रडते म्हणून शेजारच्या हलिमा-ओपाने चार दिवस चेष्टा केली असती, पण पाल आईची होती हे तिला कोण सांगणार?

म्हणजे आणली झेबोनेच होती. या घरात एक तर ती राहील नाही तर मी, असं तेव्हा आईने, सलोमतने, ठणकावून सांगितलं होतं. वर्षभरात तीच आई चिमट्याने अळ्या भरवत तासन्‌तास बसायला लागली. गेल्या हिवाळ्यात आई गेली, आणि वडील, एर्गाश, ज्यांना ती दादा म्हणायची, भिंतीकडे तोंड करून जे झोपले ते उठायचं नाव घेईनात. चिर्चिकमधल्या कोंबड्यांच्या अंडी-उबवणी केंद्रात तीस वर्षं राबलेला, पहाटे पाचला दाढी करून तयार असणारा माणूस. आता उशाशी ठेवलेला चहा दुपारपर्यंत तसाच असायचा.

या अंड्यांनी त्यांना उठवलं. उबवणी म्हटल्यावर राहवेना त्यांना. पेटीतली ऊब तपासायला सकाळी सहाला स्टूल ओढून बसू लागले, दाढी करू लागले, नान शिळा आहे म्हणून कुरकुरू लागले. ती कुरकुर ऐकून झेबोला इतकं बरं वाटलं की तिने दुसऱ्या दिवशीही शिळाच वाढला. आठव्या दिवशी तिने अंड्यांवर विजेरीचा उजेड टाकला, तर आत तांबड्या शिरांचं बारीक जाळं दिसलं.

"जीव धरलाय," वडील म्हणाले आणि डोळे पुसत राहिले. "सलोमतला दाखवायला हवं होतं."

त्याच आठवड्यात कोकंदच्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि झेबोला बारा दिवस तिकडे जावं लागलं. ऊब अठ्ठावीसवर ठेवायची, भुसा सुकला तर कडेने दोन चमचे पाणी, एवढं तिने वडिलांना सांगितलं. त्यांनी तिला हात झटकून वाटेला लावलं. लाखो पिल्लं काढली आहेत मी, मला काय शिकवतेस, म्हणाले.

ती परतली तेव्हा ते दारातच उभे होते. अंगावर धुतलेला सदरा, चेहऱ्यावर रया. वीज तीनदा गेली, पण गरम पाण्याच्या बाटल्या आणि रजई लावून ऊब पाव अंशानेही ढळू दिली नाही, हे त्यांनी तिची पिशवी खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं. "आणि फिरवणं एकदाही चुकलं नाही," ते म्हणाले. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. तुझं टिंब बघितलं तेव्हाच म्हटलं, पोरगी बापाची विद्या शिकली. दुसऱ्या बाजूला गोल मी काढला."

झेबोने धावत जाऊन पेटी उघडली. डब्यात दोन्ही अंड्यांवर गोल वर आला होता. यंत्र बिघडलं की केंद्रातली माणसं अंडी हातानेच उलटत, आणि कुठली बाजू वर आहे ते कळावं म्हणून अशाच खुणा करत. कोंबडीचं अंडं उलटलं नाही तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. पालीचं अंडं उलटलं की मरतं. झेबोने टिंब काढलं होतं ते माथा कायम वर राहावा म्हणून. तिला ही गोष्ट इतकी सवयीची होती की सांगायची सुचलीच नाही, आणि त्यांना त्यांची इतकी सवयीची की विचारायची सुचली नाही.

तिने रात्री विजेरी लावली. जाळं विरलं होतं.

सकाळी सहाला स्टूल ओढल्याचा आवाज आला. सांगून टाकावं म्हणून ती उठली, तर वडील अंडं उलटताना आईचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटत होते. ती मुकाट्याने चहा ठेवायला गेली. असे तीन आठवडे गेले. अंड्यांना पोचे पडले, मग बुरशी आली. अंडी घालणारी पाल म्हातारी असली की व्हायचंच, असं झेबोने तोंड फिरवून सांगितलं आणि डबा उचलला.

वडिलांनी तिच्या हातून तो काढून घेतला. न उबलेलं अंडं फोडून मरणाचं कारण बघितल्याशिवाय केंद्रात कधी टाकत नसत. ही रीत झेबो साफ विसरली होती. तिने नको नको म्हटलं, पण त्यांनी चष्मा लावून मऊ साल ब्लेडने कापलं. आत नखाएवढा, वळलेला जीव होता. दुसऱ्यातही तेवढाच. ते बराच वेळ निरखत राहिले.

"तू गेलीस त्याच सुमारास मेलीत ही," ते म्हणाले. "दोन्ही एका मापाची. ऊब चुकलेली नाही. मग चुकलं ते हातानेच." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, ही फिरवत नाहीत ना?"

तिला मान हलवावी लागली.

"तुला कधी कळलं?"

"आले त्याच दिवशी."

"म्हणजे इतके दिवस मी मेलेली अंडी फिरवत होतो, आणि तू बघत होतीस."

"तुम्ही उठत होतात, दादा," झेबो म्हणाली. "सकाळी उठत होतात तुम्ही."

त्यांनी ब्लेड धुऊन पुसून ठेवलं, दोन्ही जीव कागदात गुंडाळले, खाली जाऊन जर्दाळूच्या झाडाशी पुरून आले, हात धुतले. जेवणार का विचारलं तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झेबो सहाच्या आधीच जागी होऊन कान लावून बसली. सात वाजले, आठ वाजले. शेवटी ती चहा घेऊन खोलीत गेली. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते.

"दादा, चहा."

"ठेव तिथं," ते म्हणाले.