डॉक्टरांच्या सावलीतला मासा

आमच्या पाईपस्टेम तळ्याचं पाणी आता इतकं नितळ झालंय की तळाशी पडलेला ऑरिनचा चष्मा वरून दिसतो. काढायला कुणी जात नाही, पाणी बर्फगार. पण दिसतो, हे महत्त्वाचं. तळं-मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर लोवेल पाहुण्यांना नावेत बसवून खास तो चष्मा दाखवायला नेतात.

डॉक्टर म्हणजे दातांचे. जन्मभर शहरात लोकांच्या तोंडात डोकावले, आता रिटायर होऊन इथे तळ्यात डोकावतात. दोरीला बांधलेली एक काळी-पांढरी थाळी आहे त्यांच्याकडे. ती पाण्यात सोडायची, आणि दिसेनाशी झाली की दोरी किती फूट गेली ते बघायचं. यंदा बावीस फूट गेली. धक्क्यावर फलक लावलाय तसा. माशांनी वाचला असणार, कारण तेव्हापासून एकही फिरकला नाही.

आता पाणी साफ केलं कुणी, तर कुठल्याशा परक्या नावेला चिकटून आलेल्या नखाएवढ्या शिंपल्यांनी. सगळं तळं गाळून प्यायले. हार मात्र डॉक्टरांच्या गळ्यात.

आणि आमचा वॉलाय मासा पडला दुधाळ डोळ्यांचा. त्याला उजेड सोसत नाही. वाऱ्यानं पाणी हललं, जरा गढूळ झालं, की भर दुपारी येऊन गळ गिळायचा. आता आरशासारख्या पाण्यात तो दिवसा कुठे जाऊन बसतो, ते त्यालाच ठाऊक.

ऑरिन माझा शेजारी. त्याची पत्र्याची नाव त्याच्याइतकीच जुनी, आणि इंजिन दोघांहून म्हातारं. चालू केलं की मागे पाण्यावर तेलाचं इंद्रधनुष्य. डॉक्टरांना ते बघवेना. ते ऑरिनशी नाही बोलले, हुशार माणूस. थेट त्याच्या बायकोकडे, आर्डिसकडे गेले, दोन कप कॉफी प्यायले आणि म्हणाले, मंडळ ही नाव विकत घेईल, पाण्याच्या भल्यासाठी.

ताजा मासा मिळेना म्हणून आर्डिसनं उन्हाळाभर डब्यातल्या टूनाचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमधला नूडल्सचा लगदा, भाजलेलं. तिनं नवऱ्याला सांगितलं, "नाव कशासाठी असते? मासे आणायला. या रविवारच्या जेवणाआधी एक वॉलाय माझ्या ओट्यावर पडला तर नाव राहील. नाही तर सोमवारी डॉक्टर घेऊन जातील."

"आणि मी काय करू?" ऑरिन म्हणाला.

"डॉक्टरांची थाळी धर," आर्डिस म्हणाली.

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघं पाण्यात. वारा नाही, ढग नाही. असं सुंदर हवामान की रडू यावं.

"एल्डन, जाळं आणलंस का रे?" ऑरिननं विचारलं.

"कशाला? चष्मा काढायला?"

तो तासभर माझ्याशी बोलला नाही.

दगडांच्या कडेला डॉक्टर त्यांची छपराची मोठी नाव नांगरून बसले होते. थाळी बुडवायला ऊन डोक्यावर यायची वाट बघत सँडविच खात होते. त्यांनी हात केला. हात केला की जवळ जायलाच लागतं, आमच्याकडे पद्धत आहे. आम्ही वल्ही मारत गेलो.

"कसं काय, ऑरिन? लागतंय का काही?"

"बरं चाललंय," ऑरिन म्हणाला. आमच्याकडे घर जळत असलं तरी बरंच चाललेलं असतं.

बोलता बोलता ऊन डोक्यावर आलं, डॉक्टरांनी थाळी बुडवली, आणि ऑरिनचा गळ वाहत त्यांच्या नावेखाली गेला. नावेची रुंद काळी सावली पडली होती तिथे. ऑरिननं काठी घट्ट धरली. काठीचं टोक जरासं वाकलं, परत सरळ झालं. मला कोपर मारून तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "सावलीत आहेत लेकाचे. सगळे इथे आहेत."

नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी गुडघ्यावर थाप मारली. "बरं मग. थाळी बुडवून झाली, निघतो मी."

आता आमच्या भागात "बरं मग" म्हणजे निघणं नव्हे. ती पहिली घंटा. आणि समोरचा बोलत असताना उठून जाणं म्हणजे त्याच्या आईला शिवी देणं. ऑरिननं माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं, जसं चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "यंदाचा आकडा किती हो?"

जन्मात पहिल्यांदा विचारलं मी. डॉक्टर परत खाली बसले. आकडा सांगितला. मग शेजारच्या तळ्याचा सांगितला. मग त्याच्या शेजारच्याचा. मी म्हणत होतो, "असं का?" मग म्हणत होतो, "बघा तरी."

"बरं मग," डॉक्टर नांगराच्या दोरीला हात घालत म्हणाले.

"पण थाळीला काळा रंग का लागतो हो? नुसती पांढरी नाही चालत?"

माणूस खुलला. हसू आलं त्याच्या तोंडावर. बिचाऱ्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं हे. खरं सांगतो, मलाही जरा वाईट वाटलं. पण तेवढ्यात काठी कमानीसारखी वाकली.

"जाळं," ऑरिन ओरडला, मग आठवलं, मग मला एक शिवी दिली.

डॉक्टरांनीच स्वतःचं जाळं घेतलं, कठड्यावर पोटावर आडवे झाले आणि मासा वर काढला. सोनेरी, जाडजूड, डोळे दुधी काचेसारखे. डॉक्टर बाहीपर्यंत भिजले होते. माशाकडे बघत राहिले, मग आमच्या नावेकडे बघितलं. आर्डिसनं अट त्यांनाही सांगितली होती, सोमवार आठवला असावा.

"आर्डिसला नाव विकायची नसेल आता," ते म्हणाले.

"नसेल बहुतेक," ऑरिन म्हणाला.

डॉक्टरांनी बाही पिळली. मग छाती फुगली. "पण बघितलंत ना? साफ पाण्याचा मासा आहे."

"तुमच्याशिवाय मिळाला नसता, डॉक्टर," ऑरिन म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांसमोर खरं बोलला.

रविवारी आर्डिसनं एक घास खाल्ला, चावला, आणि म्हणाली, "वाईट नाही." याच्यावरची पदवी आमच्याकडे नाही. मग म्हणाली, "पुढचा कधी?"

ऑरिननं घास तसाच ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला. म्हणाला, पाण्याचं माप आठवड्याला घ्यायला हवं. दर शनिवारी, त्याच जागी, सकाळभर नांगर टाकून. आम्ही दोघं येऊ सोबतीला.

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "ऑरिन, तुला पाण्याची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं."

"फार," ऑरिन म्हणाला, आणि दुसरा तुकडा वाढून घेतला.