मागून आणलेला ब्लेझर

भिगवणच्या पुढं गाडीत दीपकला ब्लेझरच्या डाव्या बाहीच्या आतल्या बाजूचा डाग पहिल्यांदा दिसला. तपकिरी, लिंबाएवढा, कडेला गडद. त्यानं बाटलीतलं पाणी लावून रुमालानं चोळलं. डाग निघाला नाही, उलट पसरला.

"चोळू नगंस आता," शेजारी बसलेली आई म्हणाली. "हात मांडीवर पालथा ठेव. कोण बघतंय?"

बघायचाच तर कार्यक्रम होता. आधीच्या प्रत्येक ठिकाणाहून एकच निरोप आला होता, पोरगा चांगला आहे, पण शेतीच करतो. कोऱ्हाळ्यातल्या त्याच्या शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीबद्दल कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणून मध्यस्थानं या वेळी बजावलं होतं, "शेती कर, पण दिसायला कंपनीतला दिस. ब्लेझर घाल."

ब्लेझर लोणी भापकरच्या विशालचा, कॉलेजातल्या मित्राचा. एका लग्नाला जायचंय असं सांगून दीपकनं तो मागून आणला होता. स्थळ पक्कं होईपर्यंत कुणी कुणाला खरं सांगत नाही. आतल्या शर्टाची घाईत फक्त कॉलर आणि पुढची पट्टी इस्त्री केली होती. बाकीचं झाकूनच राहणार होतं.

पळसदेवला मुलीच्या वडिलांनी, कुंडलिक तात्यांनी, पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. मुलीचे मामा सोपानराव दीपकला खेटून बसले आणि त्यांनी ब्लेझरची कड चिमटीत धरली.

"कापड भारी हाय. कुठं शिवला?"

"बारामतीत," दीपकच्या तोंडून निघून गेलं. "मापानं."

"व्हय, व्हय. मापाचं दिसतंयच."

खांद्यात तो चांगला दोन बोटं सैल होता. मामा थट्टा करताहेत की खरंच बोलताहेत, दीपकला कळेना. पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला.

मुलगी, वृषाली, चहाचा ट्रे घेऊन आली. कप घ्यायला दीपकनं चुकून डावा हात पुढं केला. तिची नजर बाहीवर पडली आणि तिथंच थांबली.

थोड्या वेळानं दोघांना बोलायला परसात पाठवलं.

"हा ब्लेझर आमच्या घरी दुसऱ्यांदा आलाय," ती म्हणाली. "डाग माझाच हाय. मागच्या पाव्हण्यांवर चहा सांडला होता. त्यांनी पुण्यात शिवलाय म्हणून सांगितलेलं."

दीपकचे कान तापले. म्हणजे विशाल याच घरातून परत गेला होता, आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

"मित्राचा हाय," तो म्हणाला. "मिरचीच्या शेडमधी कोण ब्लेझर घालतंय?"

"मग मामांना बारामती कशाला सांगितलं?"

"भ्या वाटलं. नुस्ता शेतकरी दिसंन म्हणून."

"त्या मागच्या पाव्हण्यांना आमी नकार कळवला ते ब्लेझरमुळं नव्हं. कंपनीत हाय म्हणाले, आन तात्या चौकशीला गेले तर तितं त्यांना कुणी ओळखंना." ती घराकडं वळली. "मी काय बोलणार न्हाय. तुमीच सांगा."

उंबऱ्याशी दीपकनं ब्लेझर उतरवला. शर्टाच्या बाह्या चुरगळलेल्या कागदासारख्या झाल्या होत्या. आईनं ते पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

"उकडलं व्हय, पाव्हणं?" मामांनी विचारलं.

"न्हाय मामा. ब्लेझर माझा न्हाय. मागून आणलाय. बारामतीत शिवला म्हणलो, ते खोटं."

तात्यांनी आधी कॉलर पाहिली, मग बाह्या.

"इस्त्री कॉलरपुरतीच?"

"व्हय."

"सदरा तरी तुझा हाय न्हवं?"

आतल्या खोलीत बायकांत कुणाला तरी हसू फुटलं. तात्या हसले नाहीत. "बस," ते म्हणाले. "मिरची कुठल्या जातीची लावलीय?"

दीपक बसला. हे उत्तर त्याला झोपेतसुद्धा आलं असतं. ब्लेझर कुठं ठेवावा ते सुचेना, म्हणून तो मांडीवरच घेऊन बसला, डाग वरच्या बाजूला.