नसेच्या डबीतली अक्कलदाढ

मित्रांनो, मी एक जुनी अक्कलदाढ आहे. नाव मोठं, लक्षण खोटं! सध्या मी कन्हानच्या शोभाताईंच्या घरी, मोरीजवळच्या कोनाड्यात, पत्र्याच्या एका डबीत राहते. पूर्वी त्यांच्या तोंडात होते.

सगळे दात जागा अडवून बसल्यावर मी उगवले. शेवटी येणाऱ्याला पंगतीत जागा कुठली? वाकडी होऊन अर्धीच वर आले, उरलेलं अंग हिरडीच्या पदराखाली राहिलं. पुढच्या दाढा भाकरी चावायच्या, फुटाणे फोडायच्या, कौतुक त्यांचंच व्हायचं. माझ्या वाट्याला त्यांचं उष्टं. ते पदराखाली अडकायचं आणि तिथेच कुजायचं. ब्रश माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

हिरडी ठणकली की शोभाताईंचं औषध ठरलेलं. नस, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची भुकटी, बोटावर घेऊन मागे दाबून ठेवायची. आमच्याकडे कितीतरी बायका हेच करतात. घटकाभर बधिर वाटायचं. मी आतून ओरडायचे, "अहो बाई, याने दुखणं जात नाही हो, नुसतं झाकलं जातं!" पण दाढेचं कोण ऐकतं? माझ्यावर किटण चढत गेलं आणि हिरडीतून रक्त येऊ लागलं.

यंदा ऐन भीमजयंतीच्या तोंडावर गाल टम्म फुगला. शोभाताई वस्तीच्या भीमगीत मंडळात पहिला आवाज देतात. त्यांनी ओळ उचलली की मगच बाकीच्या बायका गातात. आता तर तोंडच उघडेना. तालमीला गेल्या, पण ओळ घशातच राहिली. घरी येऊन तोंडाला पदर लावून रडल्या. मला फार फार वाईट वाटलं.

"दवाखान्यात चाल वं आई," रितिका म्हणाली. ही त्यांची लेक, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे.

"नाही येत मी. ते मशीननं दात खरडते. माह्या सासूचे खरडले, अन् दात हालाले लागले."

"मंग जयंतीले गाशील कशी?"

यावर शोभाताई उठल्या. चपला घातल्या.

दातांच्या डॉक्टर मिनल यांनी आरसा घालून मला नीट पाहिलं. सासूबाईंची गोष्टही ऐकून घेतली. "मशीनने दात नाही हलत, ताई. हे किटण हिरडीला दातापासून सोडवतं. किटण काढल्यावर आधीच सैल झालेला दात हलताना दिसतो, अन् बोल लागतो मशीनला."

त्यांनी पदराखालची घाण धुतली, औषध दिलं, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. सूज उतरल्यावर किर्रर्र करत मशीन फिरलं, पाणी उडालं, किटणाचे तुकडे निघाले. अहाहा! किती वर्षांनी मला मोकळं वाटलं म्हणून सांगू!

जयंतीला शोभाताई गायल्या. तो आवाज माझ्या अंगावरून बाहेर पडत होता. एवढ्या जवळून तो कुणीच ऐकला नसेल.

पुढे डॉक्टर म्हणाल्या, "सरळ असती तर राहू दिली असती. पण ही वाकडी आहे. पुन्हा घाण साचेल, शेजारची दाढही किडेल." मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण शोभाताईंच्या आवाजापुढे माझं काय मोठं!

मला काढलं, तेव्हा शोभाताईंनी मला मागून घेतलं. घरी येऊन डबीतली नस फेकली, डबी घासली आणि मला आत ठेवलं. "सवयीनं हात गेला का तू दिसली पाहिजे," म्हणाल्या.

परवा शेजारच्या इंदूबाई आल्या. "शोभे, चिमूटभर नस दे वं. दाढ लय ठणकून राहिली."

शोभाताईंनी डबी पुढे केली. इंदूबाईंनी झाकण उघडलं. "अवं माय! हे काय वं?"

"माही दाढ हाय. नस लावू लावू अशी झाली."

इंदूबाई गालावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईकडे माह्यासंग येशील का वं?"

मित्रांनो, तुमच्या आईचा, आजीचा हात असा गालावर गेलेला दिसला, तर त्यांना डबी शोधू देऊ नका. हात धरून दवाखान्यात न्या. तोंडात होते तोवर मी एक घाससुद्धा नीट चावला नाही. परवा मात्र, डबीत पडल्यापडल्या, मी कुणाच्या तरी कामाला आले.