मान कोरडी

शूयाओने लेकीच्या कापूस भरलेल्या बंडीचं वरचं बटण काढलं, तोच स्वयंपाकघरातून सासूबाई गरजल्या.

"हात काढ तिथून!"

या घरात भिंतींनाही डोळे होते. बाहेर लानझोउ शहरात पीचची झाडं बहरली होती, अंगणात पोरं एकेका सदऱ्यावर हुंदडत होती, आणि पाच वर्षांची माईमाई तीन थरांत उभी, गाल लालबुंद.

"आई, उकडतंय हो तिला."

"उकडू दे. वसंतात झाकावं, शरदात काकडावं. माझी दोन पोरं यावरच वाढली. तुझा नवरा त्यातलाच ना? काय वाईट झालाय?"

मागच्या महिन्यात पोरीला ताप आला, तेव्हा त्याच नवऱ्याने आईला शब्द दिला होता : पुन्हा आजारी पडली, तर उन्हाळाभर तुझ्याबरोबर गावी. आता बंडी काढून शिंक आली तरी दोष शूयाओचा, बंडीत घाम जिरून आली तरी तिचाच. इकडे आड, तिकडे विहीर.

पण सासूबाईंचाच आणखी एक नियम होता. हातपाय बघू नयेत, मानेमागे बोटं घालावीत. ओलसर लागली तर एक थर उतरवावा.

"तुम्हीच मान बघा. कोरडी निघाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

सासूबाई पिठाचे हात पुसत आल्या. दोन बोटं कॉलरमागे सरकवली.

"कोरडीठाक! बाई गं, पोरीपेक्षा तुलाच जास्त उकडतंय."

त्यांनी बटण लावलं. रागावल्यासुद्धा नाहीत, तेच शूयाओला जास्त लागलं.

लेकीला घेऊन बाहेर पडल्यावर जिन्यात तिने गुडघे टेकून तिची मान स्वतः चाचपली. खरंच कोरडी. मग माईमाईची बाही हाताला लागली. चिंब.

"हे काय गं?"

"मान पुसली मी. तू आजीकडे बघत होतीस ना, तेव्हा."

"का पण?"

"घाम आला की ताप येतो. ताप आला की आजी मला गावी नेणार. बाबा म्हणाले ना." माईमाईने वर दाराकडे पाहिलं. "तू सांगू नको हां."

शूयाओचा हात बटणाकडे गेला. माईमाईने तो दोन्ही हातांनी धरून बाजूला केला. घाम तिच्या भुवईपर्यंत आला होता.

"नको, आई. मला थंडी वाजतेय."